रिॲक्शन व्हिडिओ करायचाय? आधी कुठे थांबायचं ते ठरवा

एखादा व्हिडिओ व्हायरल झाला की काही तासांत त्याच्यावरचे रिॲक्शन व्हिडिओ यायला लागतात. कोपऱ्यात एक चेहरा, मोठे झालेले डोळे, अधूनमधून ‘अरे बापरे’, ‘काय आहे हे भावा’, आणि मागे मूळ व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत जसाच्या तसा. नव्याने चॅनेल उघडणाऱ्याला वाटतं, रिॲक्शन म्हणजे हेच. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणून स्पष्ट सांगतो: चांगल्या रिॲक्शन व्हिडिओला भरपूर कष्ट लागतात आणि त्यातले बहुतेक कष्ट कॅमेरा सुरू करण्याआधीचे असतात.

मूळ व्हिडिओ प्रेक्षकाला कुठेही मिळतो. तुमच्याकडे तो येतो ते तुम्ही व्हिडिओ थांबवून काय बोलता ते ऐकायला. सगळी मदार पॉजच्या बटणावर आहे. लोक शेवटपर्यंत बघतील का, कॉपीराइटच्या वादात तुम्ही टिकाल का, यूट्यूब पैसे देईल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुम्ही कुठे थांबलात आणि थांबून काय दिलंत यावर ठरतात.

पायरी १: तुम्हाला जे कळतं त्यावरच बोला

ट्रेंडिंगमध्ये जे वर असेल ते उचलायचं, हा पहिला मोह टाळा. तिथे हिंदी-इंग्रजीतली मोठी चॅनेल्स आधीच बसलेली आहेत, त्यांच्याकडे एडिटर आहेत आणि ते दोन तासांत व्हिडिओ टाकतात. त्या शर्यतीत एकट्या माणसाने धावू नये. तुमच्याकडे तुमचं काम आहे, तुमचं शिक्षण आहे, तुमचं गाव आहे. नर्स असाल तर घरगुती उपायांच्या रील्स घ्या. बांधकाम साइटवर सुपरवायझर असाल तर ‘पाच लाखांत बंगला’ छापाचे व्हिडिओ. ढोलकी वाजवत असाल तर व्हायरल मराठी गाण्यांचा ठेका. मराठीत असं जाणत्या माणसाचं बोलणं अजून कमी आहे आणि लोकांना ते हवं आहे.

यशराज मुखाटेचं उदाहरण बघा. छत्रपती संभाजीनगरचा हा मुलगा. ‘साथ निभाना साथिया’ मालिकेतल्या कोकिलाबेनचा ‘रसोडे में कौन था’ हा प्रसंग टीव्हीवर कधीच होऊन गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये यशराजने त्या संवादाला चाल आणि ताल दिला आणि तो देशभर पोहोचला. त्या प्रसंगाला नुसतं हसणारे हजारो होते. त्याला संगीत येत होतं म्हणून त्याला त्या बोलण्यातली लय ऐकू आली. रूढ अर्थाने तो रिॲक्शन व्हिडिओ नव्हता, पण दुसऱ्याच्या क्लिपमध्ये स्वतःचं काहीतरी घालणं म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

पायरी २: मूळ व्हिडिओ शोधा

व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप कधीही थेट वापरू नका. ती कापलेली असते, वर तिसऱ्याच कुणाचा लोगो असतो आणि बऱ्याचदा मथळा खोटा असतो. क्लिपमधले तीन-चार वेगवेगळे क्षण स्क्रीनशॉट म्हणून काढा आणि गूगल लेन्समध्ये टाका. जे निकाल येतील त्यातली सगळ्यात जुनी तारीख शोधा. मग चित्र नीट बघा. दुकानाच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाडीची नंबरप्लेट एमएच आहे की दुसऱ्या राज्याची? ‘कालचा पुण्यातला पाऊस’ म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओत एमएच १२ ची एकही गाडी दिसत नसेल तर तिथेच सावध व्हायचं. आवाज मागून चिकटवला आहे का, तेही ऐका.

आता एआयने केलेले व्हिडिओही यात मिसळलेले असतात. पाट्यांवरची अक्षरं अर्थहीन असणं, हात वस्तूच्या आरपार जाणं, मागची माणसं मध्येच नाहीशी होणं, या खुणा तपासा. पण खुणा सापडल्या नाहीत म्हणजे व्हिडिओ खराच आहे असं नाही. मूळ अपलोड करणारा सापडत नसेल तर तो व्हिडिओ सोडून द्या. दुसरा मिळतोच.

पायरी ३: थांबे ठरवा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी एक उदाहरण पुरतं उलगडून दाखवतो.

समजा ४५ सेकंदांचं रील आहे. मागे डोक्याच्या वर गेलेला ऊस, पुढे एक गृहस्थ, स्क्रीनवर मोठी अक्षरं: ‘एकरी १०० टन, फक्त एका औषधाने’. लाखभर लाइक. तुम्ही स्वतः ऊस लावता, म्हणून तुम्ही ते निवडलंय.

पहिल्यांदा बघताना कॅमेरा सुरू ठेवा आणि काहीही ठरवू नका. चेहऱ्यावर जे येईल ते येऊ द्या. पहिली प्रतिक्रिया एकदाच मिळते. ती नंतर अभिनय करून आणली की प्रेक्षकाला लगेच कळते आणि एकदा कळलं की तो तुमच्या मतावरही विश्वास ठेवत नाही. मग कॅमेरा बंद करा, वही घ्या, दोन रकाने आखा: वेळ आणि मुद्दा. रील पुन्हा पुन्हा बघा.

पहिला थांबा सहाव्या सेकंदाला, दावा दिसतो तिथे. इथे हिशेब मांडा. शंभर टन म्हणजे एक लाख किलो. एका उसाचं वजन सरासरी अडीच किलो धरलं तर तोडणीला एकरात ४० हजार ऊस उभे पाहिजेत. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे जवळपास दर चौरस फुटाला एक पक्का ऊस. एवढं सांगितल्यावर प्रेक्षक तेच रील वेगळ्या नजरेने बघायला लागतो: सरीतलं अंतर किती दिसतंय, ऊस किती जाड आहे. आणि हेही लगेच सांगा की सांगली-कोल्हापूर भागात शंभर टन काढणारे शेतकरी खरोखर आहेत. दावा अशक्य आहे असं म्हणून उडवून लावलात तर तुमचं अज्ञान उघडं पडेल.

दुसरा थांबा एकोणिसाव्या सेकंदाला, बाटली दिसते तेव्हा. इथे रीलने काय सांगितलं नाही ते विचारा. जात कोणती, को ८६०३२ की दुसरी? लागण आडसाली की सुरू? आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो आणि सुरू ऊस बाराच्या आसपास, त्यामुळे कालावधी न सांगता नुसतं टनेज सांगण्यात अर्थ नाही. माती परीक्षण, पाणी, बेणं यांचा उल्लेख कुठे आहे?

तिसरा थांबा अडतिसाव्या सेकंदाला. मागे ठिबकच्या नळ्या दिसतायत आणि शेत स्वच्छ राखलंय. त्याचं मनापासून कौतुक करा, कारण ते खरं आहे आणि कदाचित उत्पादनाचं श्रेय बाटलीपेक्षा त्यालाच जास्त आहे.

पंचेचाळीस सेकंदांचं रील आणि तुमचं बोलणं पाच-सहा मिनिटं. जिथे थांबून सांगण्यासारखं काही नाही तिथे थांबू नका. ‘बघा बघा’, ‘आता काय होतं बघा’ यासाठी घेतलेला पॉज प्रेक्षकाला चीड आणतो. आणि वहीत एकही ओळ आली नाही, तर तो व्हिडिओ तुमच्यासाठी नाही.

पायरी ४: रेकॉर्डिंग

साधा स्मार्टफोन आणि कॉलर माइक पुरतो. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड घ्या, खिडकी पाठीमागे नको. पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात हे जिवावर येतं, पण पंख्याची घरघर नंतर साफ करायला बसलात की आवाजच पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

हेडफोन लावणं सक्तीचं समजा. मूळ व्हिडिओ स्पीकरवर वाजवलात तर त्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरतो. मग त्यात गाणं असेल तर ते वेगळं काढता येत नाही आणि क्लेम, म्हणजे गाण्याच्या हक्कदाराचा दावा, आल्यावर तुमचं बोलणंही त्याच्याबरोबर म्यूट करावं लागतं.

कॉम्प्युटर असेल तर ओबीएस स्टुडिओ हे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरा. ते फुकट आहे. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’ उघडून माइक एका ट्रॅकवर आणि कॉम्प्युटरचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर टाका, आणि आउटपुटच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये दोन्ही ट्रॅकवर टिक करा. फाइल एमकेव्हीमध्ये रेकॉर्ड करा. मध्येच वीज गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं आणि नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करून घेता येतं. लोडशेडिंग असलेल्या गावात हा एक बदल तुमचे तासन्‌तास वाचवेल. चेहरा फोनवर आणि स्क्रीन कॉम्प्युटरवर असं वेगळं रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा. एडिट करताना दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज आणि चित्र बसतं.

पायरी ५: एडिट

मूळ क्लिप चालू असताना ती मोठी आणि तुम्ही कोपऱ्यात. थांबलात की तुम्ही मोठे. एवढ्या अदलाबदलीने प्रेक्षकाला कुणाकडे लक्ष द्यायचं ते कळतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती यासाठी भरपूर झाली. मूळ व्हिडिओतल्या माणसाचं चॅनेल किंवा हँडल स्क्रीनवर दिसू द्या आणि डिस्क्रिप्शनमध्ये लिंक द्या. मीम, झूम, ‘वाह’चे आवाज यांचा मारा करू नका. ते सगळं तुमच्या मुद्द्यावर पांघरूण घालतं.

पायरी ६: कायदा, आणि त्याबद्दलच्या अफवा

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’, ‘क्रेडिट दिलं की झालं’, ‘डिस्क्रिप्शनमध्ये कॉपीराइट भंगाचा हेतू नाही असं लिहिलं की वाचतो’. हे तिन्ही खोटं आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची कुठलीही मर्यादा दिलेली नाही. कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी रास्त वापराला सूट आहे. म्हणजे तुमचा व्हिडिओ खरोखर समीक्षा आहे का, आणि त्यासाठी लागेल तेवढाच भाग घेतला आहे का, हे बघितलं जातं. वहीतले थांबे इथे तुमच्या कामाला येतात.

अमेरिकेतला एक निकाल या प्रकारच्या व्हिडिओसाठी सगळीकडे सांगितला जातो आणि तो समजून घेण्यासारखा आहे. एच३एच३ हे चॅनेल चालवणाऱ्या ईथन आणि हिला क्लाइन यांच्यावर मॅट हॉस या यूट्यूबरने २०१६ मध्ये दावा लावला. हॉसचा व्हिडिओ ५ मिनिटं २४ सेकंदांचा होता, त्यातले ३ मिनिटं १५ सेकंद क्लाइन दांपत्याने वापरले होते. अर्ध्याहून जास्त. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल क्लाइन यांच्या बाजूने दिला, कारण त्यांचा व्हिडिओ जवळपास १४ मिनिटांचा होता, क्लिपचे तुकडे छोटे होते आणि प्रत्येक तुकड्यानंतर त्यांची लांबलचक टीका होती. मात्र न्यायाधीशांनी त्याच निकालात बजावलं की सगळे रिॲक्शन व्हिडिओ असे नसतात. काही व्हिडिओ नुसतं एकत्र बसून बघण्यासारखे असतात, आणि हा निकाल सरसकट सगळ्यांना लागू नाही. अमेरिकेचा निकाल भारतीय न्यायालयावर बंधनकारक नाही, पण कुठे रेघ पडते ते त्यातून स्वच्छ दिसतं.

गाणी, सिनेमे, क्रिकेटचे सामने आणि वृत्तसंस्थांचं फुटेज, या चार ठिकाणी नवख्याने जपून राहावं. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या क्लिपवरून एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्याला स्ट्राइक (हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून चॅनेलला मिळणारी ताकीद) दिले आणि परवान्यासाठी मोठी रक्कम मागितली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. बाजू कुणाची बरोबर हा वेगळा विषय. पण मोठ्या चॅनेललाही जे जड जातं ते तुमच्या-माझ्यासारख्याला किती जड जाईल, याचा विचार क्लिप उचलण्याआधी करा.

पायरी ७: समोरच्या माणसाचं काय होणार

२००३ मध्ये कॅनडातला गिस्लां राझा हा शाळकरी मुलगा काठी लाइटसेबरसारखी (‘स्टार वॉर्स’ सिनेमातली प्रकाशाची तलवार) फिरवतानाचा व्हिडिओ त्याच्या परवानगीशिवाय इंटरनेटवर टाकला गेला. ‘स्टार वॉर्स किड’ म्हणून जगभर त्याची टर उडवली गेली, त्याला शाळा सोडावी लागली आणि त्याच्या पालकांनी व्हिडिओ टाकणाऱ्या मुलांच्या घरच्यांवर दावा लावला. तेव्हा यूट्यूबही नव्हतं. हा प्रकार इंटरनेटवरच्या व्हायरल होण्याइतकाच जुना आहे आणि आपण त्यात भर घालायची नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून निवड करतानाच विचारा: या माणसाने हा व्हिडिओ स्वतः, लोकांनी बघावा म्हणून टाकलाय का? नेता, अभिनेता, इन्फ्लुएन्सर, औषध विकणारा, यांच्या दाव्यांवर हवं तेवढं कठोर बोला. कुणीतरी गुपचूप शूट केलेली बाई, रस्त्यात भांडणारं जोडपं, लहान मूल, यांच्यावर व्हिडिओ करू नका. अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असं काहीही दाखवणं पोक्सो कायद्याच्या कलम २३ खाली गुन्हा आहे आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. ‘चेहरा ब्लर केला होता’ म्हणून सुटका होत नाही, कारण गाव, शाळा, आवाज यांवरूनही ओळख पटते.

बोलीची थट्टा ही मराठी रोस्टमध्ये, म्हणजे कुणाची तरी खिल्ली उडवणाऱ्या व्हिडिओंमध्ये, फार सहज येणारी गोष्ट आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. कुणी वऱ्हाडी बोललं, अहिराणी बोललं, मालवणी हेल काढला की नक्कल करून हशा मिळवायचा. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणला त्याच्या बोलण्यावरून, दिसण्यावरून अनेकांनी ट्रोल केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन जिंकला. त्याच्या व्हिडिओंवर गंभीरपणे बोलण्यासारखं खूप होतं: लोकांना तो इतका आपला का वाटतो, शब्दांशी खेळायची त्याची पद्धत कुठून येते. ते फार थोड्यांनी केलं.

रोस्टची धार कुठे अडते हे ‘कॅरीमिनाटी’ या यूट्यूबरला विचारा. मे २०२० मधला त्याचा यूट्यूब विरुद्ध टिकटॉक व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला आणि छळवणूक व दादागिरीच्या नियमाखाली यूट्यूबने तो काढून टाकला. व्ह्यूज कितीही असोत, नियम लागू होतोच.

पायरी ८: अपलोड केल्यानंतर

व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून चढवा. अपलोड होतानाच ‘चेक्स’मध्ये कॉपीराइटची तपासणी होते. तिथे काही दिसलं तर प्रसिद्ध करण्याआधी दुरुस्त करता येतं: तेवढा तुकडा कापा किंवा गाणं म्यूट करा. दोन ट्रॅक वेगळे ठेवले असतील तर हे पाच मिनिटांचं काम आहे. शीर्षक खरं द्या. ‘हे बघून झोप उडेल’ अशा मथळ्याने आलेला माणूस परत येत नाही.

कमाईसाठी यूट्यूबची जाहिरातींची अट १,००० सब्सक्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉचटाइम, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज अशी आहे. ही अट पुरी झाल्यावर चॅनेल तपासलं जातं आणि दुसऱ्याचा मजकूर फारशी भर न घालता वापरला असेल तर अर्ज फेटाळला जातो. मूळ व्हिडिओवर भाष्य असलेली रिॲक्शन चालते, शांत बसून बघितलेली चालत नाही, असं यूट्यूबच्या धोरणात उदाहरणासह लिहिलेलं आहे. अर्ज करण्याआधी ते पान एकदा पूर्ण वाचा.

क्लेम आणि स्ट्राइक यांत घोळ करू नका. कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचा मजकूर आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला म्हणजे व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे जाते किंवा व्हिडिओ काही ठिकाणी बंद होतो, चॅनेलला धोका नसतो. तुमचं म्हणणं असेल तर डिस्प्यूट करा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. क्लेम आल्यापासून ५ दिवसांत डिस्प्यूट केलंत तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवले जातात.

स्ट्राइक मात्र गंभीर. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. पहिला स्ट्राइक आला की घाबरून सगळे व्हिडिओ उडवू नका. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. कॉपीराइट स्कूल हा यूट्यूबचा छोटा धडा पूर्ण करा आणि मूळ हक्कदाराला ईमेल करून तक्रार मागे घेण्याची नम्र विनंती करा. मूळ माणूस एकटा क्रिएटर असेल तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. तसं झालं नाही आणि तुमची बाजू भक्कम असेल तरच काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे तक्रारीला कायदेशीर उत्तर, द्या. त्यात तुमचं खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि तो समोरच्याला पोहोचतो. त्याने १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. तो कोर्टात गेला तर मात्र वकील लागेल. त्या वेळी वकिलासमोर ठेवायला कोणता तुकडा का वापरला याची नोंद लागते, म्हणून थांब्यांची ती वही व्हिडिओच्या तारखेसह जपून ठेवा.